सर्व्हरवर नवी आवृत्ती हवी आहे: सोर्समधून कंपाइल करावी की बाहेरची रिपॉझिटरी जोडावी?

डेबियन १२ या लिनक्स डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्सच्या तयार वितरणाचा, सर्व्हर आहे. त्यात आयतं मिळतं ते पीएचपी ८.२, आणि तुमच्या ॲप्लिकेशनला हवं आहे ८.३. शोधायला बसलात की दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, या दोन ओळी चालवा, अमुक रिपॉझिटरी (तयार पॅकेजेसचा ऑनलाइन साठा) जोडा, झालं काम. दुसरा म्हणतो, बाहेरच्यांवर कशाला विसंबता, सोर्स उतरवून घ्या आणि स्वतः कंपाइल करा. दोन्ही रस्त्यांनी ८.३ मिळेल. पण नव्याने सर्व्हर सांभाळायला लागलेल्यांना मी आधी एक प्रश्न विचारतो: चार महिन्यांनी या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली, तर दुरुस्त आवृत्ती या सर्व्हरवर कोण आणणार? डिस्ट्रो, रिपॉझिटरी चालवणारी मंडळी, की तुम्ही? टाकायचं काम अर्ध्या तासाचं असतं. सांभाळायचं काम तो सर्व्हर बंद होईपर्यंत पुरतं. खालची प्रत्येक पायरी वाचताना हा प्रश्न जवळ ठेवा.

पायरी १: डिस्ट्रोचं पॅकेज खरंच अपुरं आहे का?

नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. डेबियन १२ मधलं एन्जिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर १.२२.१ आहे. आकडा बघून वाटतं, हे किती जुनं, यात सगळी भगदाडं तशीच असणार. सुरक्षा तपासणारी कितीतरी टूल्सही नुसता आकडा बघून लाल खूण करतात. प्रत्यक्षात डेबियन, उबुंटू, रेड हॅट हे स्थिर डिस्ट्रो आकडा तसाच ठेवतात आणि नव्या आवृत्तीतली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी जुन्या कोडमध्ये आणून बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. खूण दिसते ती पॅकेजच्या आकड्याच्या शेपटीत: 'डेब१२यू१' असं काही दिसलं तर समजा, डेबियन १२ साठी त्यात नंतर दुरुस्ती झाली आहे. नेमकी कोणती, ते डेबियनवर (पॅकेजेस टाकणाऱ्या एपीटी या टूलला) 'एपीटी चेंजलॉग' आणि पॅकेजचं नाव दिलं की वाचायला मिळतं. रेड हॅटच्या कुळात 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग' तेच काम करतं. सीव्हीई क्रमांक, म्हणजे प्रत्येक त्रुटीला मिळणारा जाहीर क्रमांक, तिथे नोंदलेला असतो.

त्यामुळे 'नवीन हवं' एवढं कारण पुरेसं धरू नका. अमुक फंक्शन ८.३ मध्येच आहे, अमुक मॉड्यूल डिस्ट्रोच्या पॅकेजमध्ये नाही, असं बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. तसं सांगता येत नसेल, तर डिस्ट्रोचं पॅकेज राहू द्या. तिथे सांभाळायचं काम करायला एक अख्खी टीम बसलेली आहे.

कारण खरं असेल, तरी लगेच बाहेर धावू नका. डेबियनची स्वतःची बॅकपोर्ट्स रिपॉझिटरी असते, तीत पुढच्या आवृत्तीतली काही पॅकेजेस आजच्या स्थिर आवृत्तीसाठी बांधून ठेवलेली असतात. रेड हॅट ९ मध्ये पीएचपी मुळात ८.० आहे, पण मॉड्यूलच्या वाटेने ८.१, ८.२ आणि (९.६ पासून) ८.३ घरचीच मिळतात. 'डीएनएफ मॉड्यूल लिस्ट' (डीएनएफ म्हणजे रेड हॅटच्या कुळातलं एपीटीसारखं टूल) चालवून बघायला मिनिटभर लागतं.

पायरी २: बाहेरची रिपॉझिटरी निवडताना

बाहेरची रिपॉझिटरी जोडणं म्हणजे कुणाला तरी सर्व्हरच्या किल्ल्या देणं. हे शब्दशः खरं आहे. पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे पूर्ण अधिकारांनी, चालतात, आणि जोडलेली रिपॉझिटरी उद्या कुठलंही पॅकेज देऊ शकते. तुम्ही पीएचपीसाठी जोडलीत म्हणून ती पीएचपीपुरतीच राहील, असं मुळात कुठेही बांधलेलं नसतं. ते तुम्हाला बांधावं लागतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ज्यांचं सॉफ्टवेअर, त्यांचीच रिपॉझिटरी बघायची. एन्जिनएक्सची स्वतःची आहे. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची पीजीडीजी आहे, आणि ती तर मी डोळे झाकून सुचवतो: पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते, आणि त्या रिपॉझिटरीतून दोन मोठ्या आवृत्त्या एकाच सर्व्हरवर शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे डेटा हलवताना घाई करावी लागत नाही. त्यानंतर येतात त्या वर्षानुवर्षं चाललेल्या, चालवणारे कोण हे उघड असलेल्या रिपॉझिटरी. पीएचपीसाठी डेबियनवर सुरी, रेड हॅटच्या कुळात रेमी. सुरी चालवणारा माणूस डेबियनमधली पीएचपीची पॅकेजेसही सांभाळतो, म्हणजे हात तेच आहेत. रेड हॅटच्या कुळात ईपेल ही फेडोरा प्रकल्पाची रिपॉझिटरी आहे. ती मुळातली पॅकेजेस बदलत नाही, नसलेली तेवढी पुरवते.

आणि शेवटी उरतात त्या कुणीतरी एका पॅकेजसाठी कधीतरी बनवलेल्या. उबुंटूवरच्या अनेक पीपीए (वैयक्तिक रिपॉझिटरी) अशाच असतात. शेवटचं अपडेट दोन वर्षांपूर्वीचं दिसलं, तर तिथून काहीही घेऊ नका, मग त्यात हवी ती आवृत्ती तयार का असेना.

जोडताना काय करायचं ते डेबियन-उबुंटूच्या बाबतीत सविस्तर सांगतो, कारण गोंधळ इथेच जास्त होतो.

रिपॉझिटरीची सही तपासायला लागणारी की (किल्ली) '/ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज' या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि रिपॉझिटरीच्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहून त्या फाइलचा पत्ता द्या. जुन्या लेखांत 'एपीटी-की ॲड' ही कमांड दिसेल, ती वापरू नका. त्या पद्धतीने टाकलेली की सगळ्याच रिपॉझिटरींसाठी विश्वासाची ठरते. 'साइन्ड-बाय'ने ती एकाच रिपॉझिटरीपुरती राहते.

मग पिनिंग, म्हणजे कोणत्या रिपॉझिटरीला किती प्राधान्य ते ठरवणं. एपीटीला सगळ्या साध्या रिपॉझिटरी सारख्याच, प्रत्येकीला ५०० गुण. गुण सारखे असले की ज्याचा आकडा मोठा ते पॅकेज जिंकतं. बाहेरच्या रिपॉझिटरीतले आकडे बहुतेकदा मोठे असतात, म्हणून ती सगळीकडे जिंकत जाते. '/ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी' मध्ये एक छोटी फाइल करा. त्या रिपॉझिटरीच्या सगळ्या पॅकेजेसना १०० गुण द्या, आणि ज्यांच्यासाठी ती जोडली त्यांना, म्हणजे नाव 'पीएचपी८.३'ने सुरू होणाऱ्यांना, ६०० द्या. आता इंस्टॉल करताना एपीटी कदाचित कुरकुर करेल, अमुक लायब्ररीची नवी आवृत्ती हवी आहे आणि ती निवडता येत नाही म्हणून. घाबरू नका, ती कुरकुर उपयोगाची आहे. पीएचपीसोबत आणखी काय बदलणार आहे ते तिच्यातूनच कळतं. ती लायब्ररी खरोखर लागत असेल तर तिचंही नाव त्या फाइलमध्ये घाला. 'एपीटी-कॅश पॉलिसी' आणि पॅकेजचं नाव दिलंत की कुणाला किती गुण आणि कोण निवडलं जाणार, हे समोर दिसतं.

खरोखर टाकण्याआधी 'एपीटी -एस इंस्टॉल' अशी रंगीत तालीम करा. काय येणार, काय जाणार, सगळं छापून येतं, बदल काहीच होत नाही. ओपनएसएसएल (एनक्रिप्शनची लायब्ररी) किंवा सी लायब्ररी बदलणार असं दिसलं, तर तिथेच थांबा.

डीएनएफवर हेच जास्त सोपं आहे. रिपॉझिटरीच्या फाइलमध्ये 'इन्क्लूडपीकेजीएस' लिहून हवी तेवढीच नावं द्या. 'प्रायॉरिटी'चा आकडा मुळात ९९ असतो आणि इथे लहान आकडा वरचढ ठरतो, एपीटीच्या नेमकं उलट. 'जीपीजीचेक' १ असलाच पाहिजे. कुणी ते ० करायला सांगत असेल, तर तो लेख तिथेच बंद करा.

पीएचपीचं एक जाता जाता: सुरीमधलं ८.३ हे डिस्ट्रोच्या ८.२ शेजारी बसतं, त्याला काढून नाही. एफपीएमची (पीएचपी चालवणाऱ्या सर्व्हिसची) सॉकेट फाइल, जिच्यातून वेब सर्व्हर तिच्याशी बोलतो, वेगळी होते, आणि एक्स्टेन्शन्स ८.३ साठी वेगळी टाकावी लागतात. वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमधला सॉकेटचा पत्ता बदलायचा राहिला, की सगळं टाकूनही साइट ८.२ वरच चालत राहते.

पायरी ३: सोर्सच हवा असेल तर

अशी वेळ येते, पण वाटते त्याहून क्वचित. कंपाइल करतानाच ठरणारा एखादा पर्याय कुठल्याच पॅकेजमध्ये चालू नसतो. एखादा पॅच तातडीने लावायचा असतो. किंवा ते सॉफ्टवेअर इतकं आडबाजूचं असतं की त्याचं पॅकेजच कुणी केलेलं नाही. एन्जिनएक्सला नवं मॉड्यूल जोडायला अख्खं एन्जिनएक्स कंपाइल करा, असा सल्ला जुना झाला. १.११.५ पासून '--विथ-कॉम्पॅट' हा पर्याय आहे. पॅकेजमधलं एन्जिनएक्स तसंच ठेवून, त्याच आवृत्तीचा सोर्स घेऊन तुमचं मॉड्यूल तेवढं वेगळं बांधता येतं आणि कॉन्फिगमधून लोड करता येतं. पॅकेजची आवृत्ती बदलली की मॉड्यूल पुन्हा बांधावं लागतं, एवढं लक्षात असू द्या.

तरीही अख्खं बांधायचं असेल, तर एन्जिनएक्सच्याच उदाहरणाने सांगतो.

साध्या युजरने काम सुरू करा, रूटने नाही. टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) उतरवा आणि सोबतची सहीची फाइलही उतरवा. प्रकल्पाच्या अधिकृत जागेवरून की घेऊन जीपीजी या टूलने सही तपासा. ही पायरी सगळे गाळतात.

मग बांधायची अवजारं. डेबियनवर 'बिल्ड-इसेन्शियल', रेड हॅटच्या कुळात 'डेव्हलपमेंट टूल्स' हा गट. यानंतर 'कॉन्फिगर' चालवलं की बहुतेकांना पहिला धक्का बसतो: रीराइट मॉड्यूलला पीसीआरई लायब्ररी हवी आहे आणि ती सापडली नाही. तुम्ही बघता, तर पीसीआरई सर्व्हरवर आहे! दोघंही खरं सांगत असतात. प्रोग्रॅम चालायला लायब्ररी लागते आणि ती आहे. प्रोग्रॅम बांधायला तिच्या हेडर फाइल्स लागतात, त्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. डेबियनवर त्या पॅकेजच्या नावाला '-डेव्ह' अशी शेपटी असते, रेड हॅटच्या कुळात '-डेव्हेल'. एन्जिनएक्ससाठी पीसीआरई२, झेडलिब आणि ओपनएसएसएल या तिघांच्या हेडर लागतात. हा एक फरक कळला की सोर्स बांधतानाच्या निम्म्या चुका आपोआप वाचता येऊ लागतात.

'कॉन्फिगर'ला पर्याय कोणते द्यायचे? कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नका. सर्व्हरवर पॅकेजचं एन्जिनएक्स असेल तर 'एन्जिनएक्स -व्ही', यातला व्ही मोठ्या लिपीतला, चालवा. ते कोणत्या पर्यायांनी बांधलं होतं त्याची लांबलचक यादी मिळते. आपल्याला हवा तो बदल त्यात करा. एक बदल मात्र कराच: 'प्रीफिक्स', म्हणजे सगळं कुठे टाकायचं तो पत्ता. तो '/ऑप्ट/एन्जिनएक्स-१.२६.२' असा, आवृत्तीच्या आकड्यासकट द्या. पॅकेजच्या यादीतून उचललेले बाकीचे पत्तेही त्याच फोल्डरखाली आणा, नाहीतर पॅकेजच्या फाइलींवर तुमच्या फाइली चढतील.

आकडा पत्त्यात घालण्यामागे कारण आहे. 'मेक इंस्टॉल' फाइली टाकून मोकळं होतं, कुठे काय टाकलं याची नोंद कुठल्याही पॅकेज मॅनेजरकडे राहत नाही. 'मेक अनइंस्टॉल' अनेक प्रकल्पांत नसतंच. प्रत्येक आवृत्ती आपापल्या फोल्डरमध्ये असली, की '/ऑप्ट/एन्जिनएक्स' ही सिंबॉलिक लिंक नव्या फोल्डरकडे वळवायची आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. बिघडलं तर लिंक परत जुन्या फोल्डरकडे. काढून टाकायचं झालं तर फोल्डर उडवायचा.

मग 'मेक', आणि रूट होऊन 'मेक इंस्टॉल'. खुद्द बांधकामात रूट लागतो तो इथेच. सिस्टिमडीची (सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीची) युनिट फाइल स्वतः लिहा आणि तिला पॅकेजपेक्षा वेगळं नाव द्या, उदाहरणार्थ 'एन्जिनएक्स-लोकल'. सर्व्हिस सुरू करण्याआधी 'एन्जिनएक्स -टी'ने कॉन्फिग तपासून घ्या, तेही नव्या बायनरीचा पूर्ण पत्ता देऊन.

वेगळ्या नावावर मी इतका जोर का देतो, ते सांगायलाच हवं. माझ्याकडे एक सर्व्हर सांभाळायला आला होता, आधीच्या कुणीतरी उभा केलेला. अपडेट मी न चुकता करत असे. 'एन्जिनएक्स -व्ही' दर वेळी ताजा आकडा दाखवायचं आणि मी निश्चिंत असायचो. एक दिवस एचटीटीपीच्या उत्तरातल्या हेडरकडे सहज लक्ष गेलं, तिथला आकडा दोन-तीन वर्षं मागचा. पुन्हा पुन्हा बघितलं. शेवटी चालू प्रोसेसचा नंबर काढला आणि '/प्रॉक' मधल्या त्या नंबरच्या फोल्डरमधली 'ईएक्सई' ही लिंक बघितली. ती '/यूएसआर/लोकल/एन्जिनएक्स/एसबिन'कडे बोट दाखवत होती. प्रीफिक्स न देता बांधलेलं एन्जिनएक्स मुळात तिथेच जाऊन बसतं. '/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम' मध्ये त्याची युनिट फाइल होती, नाव पॅकेजच्या युनिटचंच. या फोल्डरमधली फाइल पॅकेजच्या फाइलीवर वरचढ ठरते. कॉन्फिग मात्र दोघांचं एकच, '/ईटीसी/एन्जिनएक्स' मधलं, त्यामुळे कॉन्फिगमधला बदलही नीट लागू व्हायचा आणि शंकेला जागाच उरत नव्हती. इतके महिने मी जे अपडेट करत होतो ते कधी चाललंच नव्हतं. ते कळल्यावर पोटात गोळा आला होता. तेव्हापासून कुठलाही सर्व्हर ताब्यात आला की पहिल्या दिवशी मी 'सिस्टिमसीटीएल कॅट' आणि '/प्रॉक' मधली ती लिंक, दोन्ही प्रत्येक सर्व्हिससाठी बघतो. तुम्हीही बघा. पॅकेजची आवृत्ती एक गोष्ट सांगते, चालू असलेली प्रोसेस दुसरी सांगू शकते.

सोर्स म्हणजे सुरक्षित, हा समज

'मी स्वतः कंपाइल केलं, म्हणजे आत काय आहे ते मला माहीत आहे,' असं अनेकजण मनापासून मानतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या टूलमध्ये घुसवलेलं मागचं दार सापडलं, तेव्हा हा समज किती कच्चा आहे ते उघड झालं. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत ते होतं. बांधताना ते कार्यान्वित करणारा तुकडा गिटमधल्या सोर्समध्ये नव्हता, तो प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होता. टारबॉल प्रकल्पाच्या देखरेख करणाऱ्यानेच काढलेला, म्हणजे सही तपासूनही काही कळलं नसतं. सही फक्त फाइल कुणाची ते सांगते, फाइल चांगली आहे का ते नाही. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतोय असं जाणवलं आणि त्यावरून तो मुळाशी पोचला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ही पॅकेजेस पोचलीच नव्हती. 'जुनं' असण्याचा हा फायदा आहे.

याची दुसरी बाजू एप्रिल २०१४ च्या हार्टब्लीडची. ओपनएसएसएल १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती त्रुटी होती, १.०.१जी मध्ये दुरुस्त झाली. पॅकेजवाल्यांनी अपडेट केलं, सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या. पण एन्जिनएक्सला '--विथ-ओपनएसएसएल' देऊन सोर्सचा पत्ता दिला असेल, तर ओपनएसएसएल बायनरीच्या पोटातच बांधलं जातं. तिथे सिस्टिमचं ओपनएसएसएल कितीही अपडेट करा, काही फरक पडत नाही, एन्जिनएक्स नव्याने बांधावंच लागतं. तुमच्या बायनरीत काय आहे ते 'एलडीडी' चालवून बघा. यादीत 'लिबएसएसएल' नसेल आणि तरीही एचटीटीपीएस चालत असेल, तर ते आत आहे आणि त्याची जबाबदारी तुमच्याकडे आहे.

मधली वाट

सोर्समध्ये बदल हवा, पण पॅकेज मॅनेजरची नोंदही हवी, तर डिस्ट्रोचं सोर्स पॅकेज घेऊन तेच पुन्हा बांधा. डेबियनवर आधी एपीटीच्या रिपॉझिटरी यादीतल्या सोर्सच्या ('डेब-एसआरसी') ओळी चालू करा. मग 'एपीटी बिल्ड-डेप' सगळ्या हेडर एका फटक्यात आणतं, 'एपीटी सोर्स' कोड आणतं. हवा तो पर्याय बदला, चेंजलॉगमध्ये आकड्याला स्वतःची शेपटी जोडा, आणि 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' चालवा. हाती डेब फाइल येते. ती टाकता येते, स्वच्छ काढता येते, दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते. रेड हॅटच्या कुळात सोर्स आरपीएम आणि 'आरपीएमबिल्ड', किंवा स्वच्छ खोलीत बांधणारं 'मॉक'. शिकायला एखादा शनिवार जातो. तीनपेक्षा जास्त सर्व्हर असतील तर मी नेहमी हीच वाट धरायला सांगतो. आणि सर्व्हरवर कंपाइलर ठेवायची गरज उरत नाही, बांधकाम वेगळ्या मशीनवर होतं.

तुमचं स्वतःचं पॅकेज डिस्ट्रोच्या पुढच्या अपडेटमध्ये बदललं जाऊ नये म्हणून 'एपीटी-मार्क होल्ड' लावावं लागतं. पण होल्ड लावलंत की सुरक्षेची अपडेट्सही थांबतात. म्हणून होल्ड लावलेल्या पॅकेजेसची यादी दर आठवड्याला स्वतःला मेल होईल असं बघा. 'एपीटी-मार्क शोहोल्ड' ती यादी देतं.

नोंद ठेवा, आणि परतीचा रस्ताही

प्रत्येक सर्व्हरवर एक साधी मजकूर फाइल असू द्या: कोणती रिपॉझिटरी कशासाठी जोडली, कोणती गोष्ट सोर्समधून बांधली, कोणत्या पर्यायांनी, कोणत्या तारखेला. बांधण्याच्या कमांड हाताने चालवल्या असतील तर त्यांची स्क्रिप्ट करून गिटमध्ये टाका. सोर्समधून बांधलेल्या प्रकल्पाची सुरक्षा सूचनांची मेलिंग लिस्ट असेल, तर तिथे नाव नोंदवा. एपीटी किंवा डीएनएफ तुम्हाला त्याबद्दल कधीच काही सांगणार नाही.

सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलताना हे सगळं पुन्हा समोर येतं. उबुंटूचं अपग्रेड बाहेरच्या रिपॉझिटरी स्वतःहून बंद करतं, आणि त्या पुढच्या आवृत्तीसाठी आल्या आहेत का ते बघून तुम्हाला चालू कराव्या लागतात. डेबियन १३ मध्ये पीएचपी ८.४ घरचंच आहे. म्हणजे ज्या गरजेपोटी रिपॉझिटरी जोडली होती, ती गरजच अपग्रेडनंतर उरलेली नसेल. तुमचं ॲप्लिकेशन ८.४ वर चालतं का ते चाचणी सर्व्हरवर आधी बघा. चालत असेल तर ८.३ ची पॅकेजेस काढा, रिपॉझिटरीची फाइल, की आणि पिनिंगची फाइल काढा, 'एपीटी अपडेट' चालवा. मग 'एपीटी लिस्ट'मध्ये 'लोकल' अशी खूण असलेली पॅकेजेस शोधा. कुठल्याच रिपॉझिटरीत आता नाहीत अशी ती मागे राहिलेली पॅकेजेस असतात, आणि त्यांना अपडेट कुठूनच मिळणार नाही. एकेक करून ती डिस्ट्रोच्या पॅकेजने बदला, किंवा काढून टाका.